नवी पेठेतून आणलेली शांतता

प्रिय बसू,

तुला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. फोनवर सांगायला दोन-तीनदा घेतलं, पण तू "जेवलीस का" विचारतोस, मी "हो" म्हणते आणि पुढे बोलायला दोघांकडेही काही उरत नाही. कागदावर तरी तू मला मध्येच थांबवणार नाहीस. मी रडतेय का, हेही तुला ऐकू येणार नाही.

इथलं तसं बरं आहे. जूनपासून मी परत शाळेत जाते. पहिलीचा वर्ग दिलाय, बत्तीस पोरं. शेजारची इमारत अखेर पूर्ण झाली आणि लोक राहायलाही आले. तू असताना सकाळपासून ते ड्रिलिंग चालायचं, कपाटातली भांडी हलायची. आता जुळे सोलापूर पहिल्यासारखं शांत झालंय. अज्जांच्या खोलीत पप्पांनी कपडे वाळत घालायची दोरी बांधली. मीही आता तिथेच कपडे घालते. दुधनीहून सावित्रम्मा आत्या आल्या होत्या, त्या मात्र दारातूनच परत फिरल्या.

रविवारी पुण्याहून ताईच्या पूनमचा फोन आला. तिच्यावर रागावू नकोस, मीच खोदून खोदून विचारलं. गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचं काम तुला मिळालं होतं, कंपनीनं बाहेरचा आवाज बंद करणारे हेडफोन घ्यायला सांगितले होते आणि निवडायला तू तिला सोबत नेलं होतंस. ती म्हणाली, "मावशी, त्यानं एक जोडी कानाला लावली आणि मिनिटभरात काढून टाकली. दुकानाच्या पायरीवर जाऊन बसला. मला विचारत होता, आत्ता कुणी हाक मारली का?" मग तू कामालाच नाही म्हणून कळवलंस. खोलीचं दार उघडं टाकून झोपतोस, शेजारचं कुणी खोकलं तरी उठून बसतोस, हेही तिनं सांगितलं. तेव्हापासून माझं कशातच लक्ष नाही. काल वर्गात एका पोरानं चार वेळा "बाई" म्हटलं, तेव्हा कुठे मी वळून बघितलं.

आपण दोघं इथल्या नवी पेठेत गेलो होतो, तो दिवस आठवतो ना? तुझा नीटचा दुसरा प्रयत्न होता. एका भिंतीपलीकडे ड्रिल, दुसऱ्या भिंतीपलीकडे अज्जा. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांचं मराठी जवळजवळ गेलंच होतं. चाळीस वर्षं मराठी शाळेत शिकवलेला माणूस, पण उरलं ते लहानपणचं कन्नड. दिवसभर एकच हाक, "यार इद्दीरी?" कोण आहे रे तिकडं? गेलं की पंखा कमी करा म्हणायचे, आपण खोलीबाहेर पडेपर्यंत पुन्हा वाढवा. कधी पाणी. कधी काहीच नाही, नुसतं बघत राहायचे. त्यांच्यासाठी मी नोकरी सोडली होती. तू कानात कापूस घालून अभ्यास करायचास आणि तरी पहिल्या हाकेला उठायचास. मार्कही तसेच पडत होते. म्हणून मीच म्हटलं, चल, चांगले हेडफोन घेऊ. आणि घ्यायचे तर बिनवायरचेच, कारण जुन्या वायरीत एकदा अज्जांची काठी अडकली होती.

दुकानात त्या माणसानं कोपऱ्यातला मोठा स्पीकर चालू केला आणि एकेक जोडी तुझ्या कानाला लावून दाखवली. कानात घालायचे तुला टोचले. मग राहिले दोन, काळे आणि राखाडी. काळ्यांना एक बटण होतं, दाबलं की समोरच्याचं बोलणं आत येऊ द्यायचं. राखाडींना तसं काही नव्हतं, पण शांतता जास्त. "हे घातलं की बाहेरनं वरात जाऊ दे मॅडम, कळायचं न्हाय," असं तो म्हणाला. मी लावून बघितले. स्पीकर थांबला, रस्ता थांबला, सगळंच थांबलं. किती महिन्यांनी मला माझा श्वास ऐकू आला. काढावेसे वाटत नव्हते. तू काळ्यांकडे बोट दाखवून म्हणालास, "हे घेऊ आई, अज्जांनी हाक मारली तर कळेल." मी म्हटलं, "तू अभ्यास कर. हाकेला मी आहे की घरात." आणि राखाडी बांधून घेतले.

दोन महिने तू खरंच छान अभ्यास केलास. मग मार्चमधला तो बुधवार आला. दुपारचे अडीच-तीन. ऊन असं की गॅलरीच्या लोखंडाला हात लावता येत नव्हता. तू खोलीत दाराकडे पाठ करून बसला होतास. मी गच्चीवर सांडगे उलटायला गेले होते. खाली आले तेव्हा अज्जा न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडलेले, डोकं भिंतीला टेकलेलं. मी ओरडले, तुला ऐकू आलं नाही. मी येऊन तुझ्या कानावरचे हेडफोन ओढले, तेव्हा तू हसतच वळलास. तुझं ते हसणं माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं कदाचित. आणि पप्पा सगळ्यांसमोर तुला म्हणाले, "घरात असून कान बंद करून बसलास." तू मान खाली घातलीस. परीक्षेला बसला नाहीस. राखाडी हेडफोन कुठे टाकलेस ते मी विचारलं नाही. जुलैत पुण्याला गेलास, त्याला आता वर्ष होऊन गेलं. या काळात पप्पांनी ते वाक्य परत कधी उच्चारलं नाही, पण मागेही घेतलं नाही.

हे सगळं तुला ठाऊक आहे. ठाऊक नाही ते आता लिहिते. मी गच्चीवर गेले होते हे खरं, पण दहा मिनिटांतच खाली आले होते. घराचं दार लोटलेलं होतं. दाराला हात लावणार एवढ्यात आतून हाक आली, "यार इद्दीरी?" सकाळपासून कितवी, देव जाणे. मी वळले आणि जिन्याच्या पायरीवर बसले. पुन्हा हाक आली. मग कधी नव्हे ते मराठीत आली, "वैजू, ये गं." मराठीत आली, तेव्हाच मी उठायला हवं होतं. मला वाटलं, पंखा असेल. पाचच मिनिटं, मग जाते. नंतर काहीतरी पडल्यासारखा आवाज झाला आणि मग एकदम शांत झालं. आणि मला बरं वाटलं, बसू. त्या शांततेत मी भिंतीला डोकं टेकून डोळे मिटले. पंधरा मिनिटं असतील, वीस असतील. दवाखान्यात पप्पा तुला बोलले, तेव्हा मी शेजारीच उभी होते. एक वाक्य बोलले असते तर तू सुटला असतास. मी ते गिळलं, आणि ते तू इतके दिवस वागवतो आहेस. आज सकाळी मी पप्पांना सगळं सांगितलं. ते भरल्या ताटावरून उठले आणि डबा न घेताच कामावर गेले. संध्याकाळी काय होईल मला माहीत नाही. तू मला माफ कर असं मी म्हणणार नाही. परत ये असंही नाही. एवढंच समजून घे की तुला हाक ऐकू आली नाही, यात तुझी काही चूक नव्हती. ती ज्या माणसानं ऐकायची होती, त्यानं ऐकली होती. आता रात्री दार लावून झोपत जा.

तुझीच,
आई

जुळे सोलापूर