आप्पांच्या लिंबाचा ओटा

पडेगाव, छत्रपती संभाजीनगर

चि. अभयला ताईची माया.

आम्ही सगळे बरे आहोत. आईचे गुडघे कसे आहेत? आप्पा गेल्यावर त्यांच्या नावानं आपल्या बांधावरचा कडुलिंब इथं कॉलनीच्या मैदानात लावला होता ना, तो लई डौलात आहे म्हणावं.

तिला इथवरच वाचून दाखव.

मैदानात घरटी एक झाड होतं. सगळ्यांनी मिळून मोठ्या हौसेनं प्रत्येकाला सिमेंटचा ओटा बांधला, अगदी बुंध्याला भिडवून. वर नावं रंगवली. मुळाला पाणी पोचलंच नाय. झाडं वाळली, उपटून टाकली. ओटे तेवढे राहिले.

आई सावलीत बसायला येते म्हणते. पाठवू नको. आप्पांचं नाव लिहिलेला तो ओटा आता समाधीसारखा दिसतो.

तुझी ताई,
रत्नमाला