सरांचे बेचाळीस न्यायाधीश

२ ऑगस्ट, रवि.
नांदेड-लातूर बस, अर्धा रस्ता उभ्याने. सर जेवत होते, म्हणून ओसरीवर बसले. सातवं वर्ष. प्रबंध बांधून तयार, विषय प्राचीन इजिप्तच्या लोकांची मरणाबद्दलची समजूत. फक्त गाईडची सही नाही. ३१ तारखेला नोंदणी संपते. सही नाही तर सात वर्षं पाण्यात, आणि कॉलेजात मरेपर्यंत तासिका तत्त्वावर.
सर म्हणाले, "सही कुठं पळून चालली का? आधी गौरवग्रंथ."
एकसष्टीचा गौरवग्रंथ. गौरव त्यांचा, देखरेखही त्यांचीच. इजिप्तचे राजे तरी वेगळं काय करायचे? जिवंतपणी मजुरांच्या डोक्यावर उभं राहून आपलीच कबर बांधून घ्यायचे. लेख बेचाळीस हवेत. का, तर मेलेल्याचा न्याय करायला तिकडं बेचाळीस देव बसायचे. "माझा न्याय माझ्या विद्यार्थ्यांनी करावा," म्हणाले, आणि स्वतःच हसले. आजवर आलेत अकरा. उरलेले मी लिहायचे, दुसऱ्यांच्या नावाने.
काकूंनी चहा दिला. माझा कप वेगळा असतो, कान तुटलेला. सात वर्षांत तो काही फुटला नाही. विसळून जागेवर ठेवला.

५ ऑगस्ट, बुध.
चार लेख झाले. फोनवर कुणीच नाही म्हणत नाही. देगलूरचे एक प्राध्यापक म्हणाले, "लिहा मॅडम काहीबी, फोटो तेवढा चांगला टाका."
लिहिताना हसू येतं. तिकडं मेलेला माणूस देवांपुढे उभा राहून आपण काय काय केलं नाही ते म्हणायचा. चोरी केली नाही. कुणाला रडवलं नाही. राबणाऱ्यावर जास्तीचं काम लादलं नाही. माझे चारही लेख तसेच. सरांनी कधी आवाज चढवला नाही. विद्यार्थ्याला कधी घरकाम सांगितलं नाही. भेदभाव तर नाहीच नाही. तिकडं निदान मेलेला स्वतःचं खोटं स्वतः बोलायचा. सरांनी तेही आम्हाला लावलं.
पैसेवाल्यांसाठी हे सगळं लिहिलेल्या कागदाच्या गुंडाळ्या तयारच मिळायच्या, नावाची जागा कोरी. मीपण आता तेच करते. मजकूर एक, गावं बदलायची.

९ ऑगस्ट, रवि.
एक्केचाळीस झाले. सर म्हणाले, "शेवटचा बालाजीचा पाहिजे."
मी यादीची घडी केली.
"तो सोडून गेला त्यावरून लोक अजून बोलतात. त्याचाच पाहिजे. नाहीतर सहीचं आपण पुढच्या वर्षी बघू. तुमच्या लोकांना तर सवलती असतातच की."
नोंदणी संपते त्याला सवलत नसते. हे त्यांनाही माहीत आहे. राग आला. गिळला. गिळायची सवय आहे.
तशीच मुरुडला गेले. बालाजी, माझ्याबरोबर लागलेला, आमच्यात सगळ्यात हुशार. आता स्टँडजवळ झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म. मला बघून खुर्ची पुसली. काम सांगितलं.
"माझं नाव नको घालू, सुजाता."
"सही अडली रे माझी."
"हाव, कळायलंय मला. तरी नको."
मी पिशवी उचलली. बोलायला तोंड कुठंय? त्याचे वडील गेले त्या दिवशी मी तिथंच होते. सरांच्या अभ्यासिकेत फोन खणात ठेवायचा नियम. बालाजीच्या घरून सकाळपासून फोनवर फोन, शेवटी सरांनीच उचलला. वडील शेवटच्या घटका मोजत होते. सर त्याला म्हणाले, "आता जाऊन तू काय करणार? डॉक्टर आहेस का? प्रकरण संपव, मग जा." तो पाच वाजता सुटला. मुरुडला पोचला तेव्हा राख गरम होती. आणि मी खाली मान घालून संदर्भसूची लावत होते.

११ ऑगस्ट, मंगळ.
लिहिला. त्याच्या नावाने. एका बैठकीत.
'वडिलांच्या आजारपणाचा फोन आला तेव्हा सरांनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. म्हणाले, प्रबंध होईल रे, बाप पुन्हा मिळत नाही. स्वतः बसपर्यंत सोडायला आले. त्यामुळे वडिलांच्या तोंडात पाणी घालता आलं.'
बेचाळिसांत सगळ्यात चांगला लेख हाच. वाचून मलाच भरून आलं. एवढी नीच मी कधी झाले, ते आठवत नाही.

१६ ऑगस्ट, रवि.
सरांनी तो लेख मोठ्याने वाचला. पेन काढून घेतलं तिथं रडले. खरं रडले. काकूंना हाक मारली, "बघ, पोरानं लक्षात ठेवलंय." मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मला वाटलं होतं थोडे तरी चपापतील. काही नाही. त्यांना तसंच झालेलं आठवतंय.
इजिप्तवाले हृदय तराजूत घालायचे, दुसऱ्या पारड्यात पीस. हृदयाने मालकाविरुद्ध साक्ष देऊ नये म्हणून छातीवर दगडी भुंगा बांधायचे. सरांना भुंग्याची गरज नाही.
वर नवीन अट. ३० तारखेला प्रकाशन, बालाजी मंचावर हवा. त्याने बोलावं. भाषणं झाली की सगळ्यांसमोर माझ्या प्रबंधावर सही. "लोकांना दिसू दे," म्हणाले.

२३ ऑगस्ट, रवि.
मुरुड. लेखाचं छापील पान त्याच्या हातात दिलं आणि शिव्यांची वाट बघत उभी राहिले.
त्याने दोनदा वाचलं. मग उठून मशीनवर ठेवलं, एक प्रत काढली, पान मला परत दिलं.
"लई चांगलं लिहिलंस."
"बालाजी, माफ कर."
"माय अजून विचारती, बापाला बघायला का आला न्हाईस म्हणून. मी सांगत असतो, बस भेटली न्हाई. सा वर्षं झाली, बसलाच दोष देऊन राहिलोय." प्रतीची घडी करून खिशात घातली. "बोलू देतेत का मला?"
"पाच मिनिटं."
"लई झाली. येतो मी."
काय बोलणार ते विचारायची हिंमत झाली नाही. एक गिऱ्हाईक आधार कार्ड घेऊन आलं, तो कामाला लागला.

२९ ऑगस्ट, शनि.
लातूर. मैत्रिणीकडे मुक्काम. दुपारी सभागृहात खुर्च्या लावल्या, हार सांगितले. सरांनी बोलावून विचारलं, "बालाजी काय बोलणार आहे?"
"लेखात आहे तेच, सर."
"मग त्याला सगळ्यात शेवटी ठेव. त्याच्यानंतर लगेच सही." पेनही दाखवलं, नवीन घेतलंय.
संध्याकाळी बालाजीचा फोन. "मायला पण घेऊन येऊन राहिलो. तिला नीट ऐकू येत न्हाई, म्होरं एक खुर्ची ठेव. तिला म्हणलो, बस का भेटली न्हाई ते उद्या सांगतो."
मी बरं म्हटलं.
सभागृहात परत गेले, पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीवर चिठ्ठी चिकटवली. राखीव, बालाजीच्या आई. सर बसतील त्याच्या बरोबर समोर.
सूत्रसंचालन माझ्याकडे आहे. 'वेळेअभावी' म्हणून शेवटचं नाव गाळायचं, सूत्रसंचालक दर कार्यक्रमात गाळतात, कुणी विचारत नाही. सर थोडे कुरकुरतील, पण भरल्या सभेत सही करतील. परवा सोमवारी प्रबंध जमा. म्हातारी हार-तुरे बघून जेवून घरी जाईल.
मला सही पाहिजे. सात वर्षं दुसरं काही मागितलं नाही. आणि त्याने बोलावं असंही तितकंच वाटतं.
यादी तीनदा मोठ्याने वाचून पाहिली. दोनदा त्याचं नाव घेतलं. एकदा नाही.