प्लग दोनदा बघणारी

प्रिय सूनबाई,

कोर्टाने तुमचा घटस्फोट मंजूर केला, पण मला कुणी विचारलं नव्हतं. तेव्हा मी हाक बदलणार नाही, रागावलीस तर रागाव. ठकी शाळेतून यायच्या आत लिहून टाकते.

गेल्या शनिवारी कोर्टातल्या मुलांच्या खोलीत तू तिला भेटलीस, तेव्हा मी बाहेर बाकावर होते. काचेतून सगळं दिसत होतं. तासभर तू तिची वेणी घालत होतीस, सोडत होतीस, पुन्हा घालत होतीस. ती वेणी पोरीने चार दिवस सोडू दिली नाही बघ. केसांच्या पार जटा झाल्या. मी ओरडले तिच्यावर, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडले.

गुरुवारी शेवटची सुनावणी. ठकी तुझ्याकडे राहणार की इथे, ते ठरणार. चिरंजीवांच्या वकिलांची सगळी भिस्त तिच्या मनगटावरच्या डागावर आहे. आई इस्त्री चालू ठेवून कामावर गेली म्हणून लेकरू भाजलं, असं लिहिलंय, आणि साक्षीदार मी. वकिलांनी माझ्याकडून तीनदा घोकून घेतलं, पाढे घोकून घेतात तसं. चिरंजीव वाईट नाही गं. तुझ्यावरचा राग तो लेकीच्या आडून काढतोय, आणि ते त्याचं त्यालाच कळत नाही.

आठवतं, नवी असताना तू माझ्या मशीनवर बसून उशीचा अभ्रा चारही बाजूंनी शिवून टाकलास? हसून हसून पुरेवाट झाली होती दोघींची. शिवण काही तुला जमलं नाही, पण लॅबचा पांढरा कोट रोज कडक इस्त्रीचा. प्लग काढायचीस, दारापर्यंत जायचीस आणि परत येऊन बघायचीस. मी चिडवायचे, काय बाई संशयी!

ठकी भाजली त्या दिवशी तू कोटासकट धावत आलीस. मी म्हटलं, सकाळपासून इस्त्री चालूच राहिली होती. आणि तू, प्लग दोनदा बघणारी, रडत म्हणालीस, मीच विसरले असेन. वर माझी माफी मागितलीस. माझी!

सूनबाई, तू विसरली नव्हतीस. तू गेल्यावर शिवायला घेतलेल्या एका गणवेशाची बाही दाबायला मीच इस्त्री लावली होती. बेल वाजली, शेजारीण आली, आणि मी दारातच गप्पांत रमले. मोतीबिंदूमुळे आधीच चिरंजीव मला मशीनवर बसू नको म्हणत होता. आता ठकीलाही माझ्याजवळ ठेवणार नाही, या धास्तीने खोटं बोलून गेले. दोन वर्षं ते तू उरावर घेऊन फिरतेयस. गुरुवारी मला खरं सांगायचंय. पण लेक समोर बसला की माझी बोबडी वळते, माझा माझ्यावरच भरवसा नाही. म्हणून हे पत्र. कागदाच्या मागे तारीख घालून पूर्ण सही केली आहे. आजच तुझ्या वकीलबाईंच्या हातात दे. मी गप्प बसले तर हेच वाचून दाखवायला सांग, माझी गय करू नकोस. ठकी तुझ्याकडे आली, की त्या काचेच्या खोलीत का होईना, तासभर मला तिची वेणी घालू दे.

तुझीच,
अजूनही सासू