हिच्या कंगव्याची व्यवस्था

मी, हस्तिदंतावर कोरीवकाम करणारा, वय एक्क्याऐंशी, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तपासले आहे. कुणाचा दबाव नाही. धाकट्या मुलाने आणून पाहिला, मी बहिरा झालो.

१. राहते घर व बँकेतील ठेव मुलीला. दुखण्यात उशाशी तीच होती. मागचे दार फुगले आहे, जरा उचलून ढकलावे.

२. माझ्या पटाशा, कानशी, करवती सुतारकाम शिकवणाऱ्या शाळेला. लहानपणी वर्गात हत्तीची कविता मी चालीवर म्हणायचो. मास्तर डोळे मिटून ऐकायचे. पुढे त्याच हत्तीच्या दातांवर पोट भरले. चाल अजून आठवते, म्हणवत मात्र नाही.

३. हिचा कंगवा. लग्नाच्या वर्षी मीच कोरला. हस्तिदंतावर बंदी आल्यावर त्याची सरकारी नोंदणी केली. घरात ठेवता येतो, विकता येत नाही. एकदा धाकटा मोबाईल घेऊन आला. "बाबा, कंगवा हातात धरा. नातवंडांना कळू दे तुमची कला." मी हुरळलो. पोराला उशिरा का होईना, गोडी लागली!

मग वनखात्याच्या बाई आल्या. "आजोबा, हे हात तुमचेच ना?"

बाईंच्या मोबाईलवर धाकट्याची जाहिरात: कंगवा धरलेले माझे हात, खाली 'जुने हाड, वडिलांचे काम'. हस्तिदंत लिहिले की जाहिरात काढून टाकतात, म्हणून हाड. गिऱ्हाइकाला व्हिडिओवर हिचा कंगवा दाखवायचा आणि पाठवायचा नवा, चोरट्या शिकारीतल्या दाताचा, चहात बुडवून पिवळा केलेला.

धाकट्याला जाब विचारला. "बाबा, हत्ती तर मेलाच होता ना!"

"आणि तो कशाने मेला रे, गाढवा?"

यावर त्याने दार आपटले.

कंगवा आहे तोवर त्याची दुकानदारी आहे. सध्या तो शेजारच्या घड्याळजींच्या तिजोरीत आहे. माझ्यामागे त्यांनी तो वनखात्याच्या बाईंच्या हवाली करावा व समोर उभे राहून त्याचा चुरा करून घ्यावा. हयातीत हे माझ्याच्याने होत नाही. मुलीने रडू नये. कंगव्यात तिच्या आईचा एक केस अडकला आहे, तेवढा आधी सोडवून घ्यावा.

४. धाकट्याला काही नाही. माझे नाव त्याने आधीच विकून खाल्ले आहे.

५. मला शेवटचे निजवाल तेव्हा दोन्ही हात चादरीखाली असावेत. धाकटा आल्यास अडवू नये, तोंड पाहू द्यावे. मोबाईल मात्र दाराबाहेर ठेवून घ्यावा.

ठिकाण: राहते घर, खिडकीजवळचे कामाचे टेबल
दिनांक: सतरा जानेवारी
लिहून ठेवणार: (सही)

आमच्यादेखत सही केली:
१. शेजारचे घड्याळजी (सही)
२. उपचार करणारे डॉक्टर (सही)