बाबांच्या मशीनचा सेल

४ जानेवारी
बाबांच्या कानाच्या मशीनचा सेल आई बदलायची. ती गेल्यापासून मशीन बंदच. आजपासून ते खातं माझ्याकडे. संकल्प: ऑफिसातून आल्यावर रोज अर्धा तास बाबांशी बोलणे. चाळीस वर्षांत जमलं नाही, आता जमवतोच.

५ जानेवारी
नवा सेल बसवला. त्याला रंगीत स्टिकरचं लांब शेपूट, झाकणच लागेना. शेपूट कात्रीने कापलं. कंपनीवाल्यांना एवढंही कळू नये!

११ जानेवारी
सहा दिवस, सहा बैठका. बाबा मध्ये बोलत नाहीत, वाद घालत नाहीत. नुसती मान डोलावतात. जन्मात पहिल्यांदा माझं म्हणणं पटतंय त्यांना.

२० जानेवारी
बायकोची कटकट. म्हणे, बाबांना काही ऐकू येत नाही, मशीन दुकानात दाखवून आणू. चहा घेणार का विचारलं तर सव्वासात म्हणाले. मी म्हटलं, तुझाच आवाज बारीक. (बारीक नाही. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जातो.) बाबांनाच विचारलं, येतं ना ऐकू? हसून हो म्हणाले. विषय संपला.

२ फेब्रुवारी
आईला दर आठवड्याला नवा सेल लागायचा. माझा महिना होत आला, उतरायचं नाव नाही. वापरायची पद्धत असते एकेकाची.

१५ फेब्रुवारी, संध्याकाळी ७
आज सांगून टाकलं. हॉस्पिटलमधून आईने शेवटचं बोलावलं तेव्हा मीटिंग आहे म्हणालो होतो. मीटिंग नव्हती. खाली पार्किंगमध्ये बसून होतो. वर जायची हिंमतच झाली नाही. सांगताना रडू फुटलं. बाबांनी माझा हात धरला, बराच वेळ थोपटला. माफ केलं त्यांनी. किती हलकं वाटतंय.

१ मार्च
बाबा गेले. दुपारी, खुर्चीतच. निदान बोलायचं काही राहिलं नाही.

१२ मार्च
मशीन कुणा गरजूला मिळावं म्हणून दुकानात नेलं. तिथल्या बाईंनी झाकण उघडलं. म्हणाल्या, हा सेल कधी सुरूच झालेला नाही, स्टिकर तसाच आहे. सोलल्याशिवाय चालत नाही.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, दुकानात न्यायचं मी दोनदा कागदावर लिहून विचारलं, बाबाच नको म्हणाले. ऐकू येत नाही तर नाही, म्हणाले, पण सेल घातल्यापासून रोज येऊन बसतो गं माझ्याजवळ.

१३ मार्च
मशीन परत आणलंय. स्टिकर सोलला. थोड्या वेळाने मशीन सुरू झालं, बारीक शिट्टी मारायला लागलं. बाबांच्या खुर्चीवर ठेवलं आणि पार्किंगचं पुन्हा सांगितलं. पहिल्यापासून, मोठ्याने.

सेल आठवडाभर चालतो म्हणे.