नरडाण्याचं एकटं पान

३ फेब्रुवारी
आले एकदाची धुळ्यात! चाळीसगावहून निघताना आईने इतके डबे बांधून दिले, जणू मी सीमेवर चाललेय. खोली घरमालकीण ताजबीखालांच्या वरच्या मजल्यावर. खाली त्या आणि त्यांची सहा वर्षांची नात आयत. तिने आल्या आल्या माझ्या चष्म्याचा ताबा घेतला. कामही मनासारखं. फ्लूचा विषाणू दरवर्षी रूप बदलतो. गावोगावच्या रुग्णांच्या नमुन्यांवरून आमचा प्रोग्राम त्याची वंशवेल काढतो. एक रुग्ण म्हणजे एक पान. पुढच्या हिवाळ्यात कोणती फांदी फोफावेल ते मी सांगायचं, लस त्यावरून बनणार. ऐट आहे एकूण माझी.

११ फेब्रुवारी
नरडाण्याचं एक पान बाकी वेलीपासून लांब, एकटंच लोंबतंय. पुरुष, वय ४४. एकटं पान म्हणजे बहुतेक यंत्राची चूक, छाटून टाकायचं, असा इथला नियम. नमुने आणणारे रुपचंदभाऊ मात्र अडून बसले. "ताई, नमुना खरा शे. बठ्ठं घर खोकली ऱ्हायनं." कारखान्यातून सगळ्यांना सुट्टी मिळत नाही, म्हणून अख्खं घर खोकत असलं तरी घरातला एकच जण तपासायला येतो, असं त्यांचं म्हणणं. पटलं मला. पण पान ठेवलं तर सगळं गणित पुन्हा मांडायचं, आणि अहवाल साडेपाचला जायचा होता. पाच वाजून दहा मिनिटांनी छाटलं. विभागप्रमुख चुडामणसरांनी अहवालाचं सगळ्यांदेखत कौतुक केलं.

२२ सप्टेंबर
लस आली. ताजबीखाला कुरकुरत होत्या, मीच मागे लागून आयतला टोचून आणलं. रडली नाही पोरगी. ही दीपाताईची लस आहे म्हणून गल्लीभर सांगत सुटली.

२८ नोव्हेंबर
नरडाण्याचं पान वेलीवर परत आलंय. मी घातलेलं नाही. त्याच्याभोवती याच आठवड्यातल्या रुग्णांची सदतीस पानं. म्हणजे रुपचंदभाऊ खरे होते, आणि लस भलत्याच फांदीची निघाली. सरांना सांगायला दोनदा उठले, दोनदा बसले. घरी येऊन खालांच्या हातची शेवभाजी निमूट जेवले. स्वतःची लाज वाटते.

२ डिसेंबर
एका नव्या पानावर ५ डिसेंबर ही तारीख आहे. असोदा, पुरुष, वय ७०. तीन दिवस पुढची तारीख कोण टाकेल? सगळ्यांना विचारलं. कोणीच नाही.

५ डिसेंबर
रुपचंदभाऊंनी आज एक नमुना आणला. असोद्याचा. सत्तर वर्षांचे आबा.

६ डिसेंबर
धुळे, स्त्री, वय ६. तारीख ८ डिसेंबर.
शहरात सहा वर्षांच्या मुली खूप असतील. खूप असतील.

८ डिसेंबर
आयतला ताप. खाला म्हणाल्या, घाबरायचं कशाला, तुझी लस घेतलीय ना. ऑफिस गाठलं. दिवसभर त्या पानाकडे बघत बसले. शेवटी छाटलं. गेलं! परत आलं नाही. घड्याळात पाच वाजून दहा.

सहा वाजता
रुपचंदभाऊंना आज पहिल्यांदाच विचारलं, नरडाण्याचा तो माणूस आता कसा आहे. झुलाल नाव होतं त्याचं. ताप उतरत आला होता, म्हणाले. चहा पीत बसला होता. अकरा फेब्रुवारीला, कारखान्याचा सव्वापाचचा भोंगा व्हायच्या जरा आधी, कप हातातून —
मी पान परत जोडतेय. जुळत नाही. प्रोग्राम म्हणतो, असा नमुनाच नाही. आयतचा नमुनाच —

घरी
वर खोलीत आलेय. खाली जायची हिंमत —
ताजबीखाला जिन्यातून हाक मारताहेत. आनंदात आहेत. सव्वापाचच्या सुमारास ताप एकदम उतरला म्हणे, कपाळ गार लागतंय, तेव्हापासून पोरीने कूसही बदलली नाही, इतकी गाढ झोपलीय. तुझ्या लशीचेच उपकार, बेटा, चहा प्यायला ये.
त्या जिना चढताहेत. सांगते. आत्ता सांगते. खाला, ते पान मी —