ठिपक्यांची पेटी

गुंद, ता. जोयडा
४ ऑगस्ट २०२५

श्री. परशुराम यांस,

गिरजाचा नमस्कार. थोरली भावजय म्हणून आशीर्वाद लिहायची रीत हाय, पण या खेपेला हात वळंना. इकडं बरं हाय. तुमचं बरं असंल तर असू दे.

मी लावणीला शेतात गेले हुते तवा तुमी घरात शिरून यांची टीव्हीवर खेळायची पेटी उचलून न्हेली. शेजारच्या पुतळीनं बघितलं. तिनं हटकलं तर वैनीला सांगितलंय म्हणालात. मला कवा सांगितलं? गावात रेंज न्हाई म्हणून टेकडी चढून फोन केला, तो तुमी कट केला. परत चढले, परत कट. म्हणून कागद घेतला. कागद काय कट करता येत न्हाई.

हे जाऊन दोन वर्सं झाली. यांचं घड्याळ मी तुमाला दिलं, कोट दिला, बोटीवरचा फोटो दिला. पेटी कुणाला दिली न्हाई, आणि ते तुमाला चांगलं ठावं हुतं. म्हणून तर मी नसताना आलात. बोटीवर नोकरीला असताना यांनी ती परदेशातनं छातीशी धरून आणलेली. गणपतीच्या आत जिथली तिथं आणून ठेवा. न्हाईतर मी येते.

लोभाचं तुमचं तुमी बघा.

गिरजा


रामनगर
११ ऑगस्ट २०२५

ति. गिरजावैनींस,

परशुरामाचा शि. सा. न. वि. वि. तुम्ही आशीर्वाद कापलात म्हणून मी नमस्कार कापणार नाही. घरची रीत कुणीतरी पाळायला हवी.

पेटी माझ्या दुकानात आहे. चोरली नाही, वाचवली. माळ्यावर मिरच्यांच्या पोत्याखाली तिची काय दशा झाली होती ते तुम्हाला माहीत आहे का? सेल आतच फुटून हिरवे पडले होते, खोक्याला वाळवी लागली होती. आणखी एक पावसाळा गेला असता तर फेकूनच द्यावी लागली असती. मी ती खोलून धुतली, पुसली, नवे सेल घातले. चालते.

धारवाडचे एक प्राध्यापक जुनी यंत्रं बघत हिंडतात. त्यांना दाखवली तर ते खुर्चीवरून उठलेच. म्हणाले, ही ओडिसी, १९७२ सालची अमेरिकन. घरच्या टीव्हीला जोडून खेळायचं जगात विकायला आलेलं हे पहिलं यंत्र. हिच्यात आवाज नाही, रंग नाही, गुण मोजायची सोय नाही. पडद्यावर नुसते पांढरे ठिपके. मैदान हवं तर रंगीत प्लास्टिकचा कागद टीव्हीच्या काचेवर चिकटवायचा. आवाज आणि गुण दाखवणारी यंत्रं मागून आली. गणपतीत मंडळाच्या हॉलमध्ये जुन्या वस्तू मांडणार आहोत, त्यात ही मधोमध ठेवणार.

आणि हक्काचं म्हणाल तर ती या घरात तुमच्या आधी आली. बोटीवरून पेटी आणली तशी अण्णांनीच गोव्याहून छोटा टीव्ही आणला, ट्रकची जुनी बॅटरी आणली. आपल्या डोंगरात टीव्हीला कुठलंच स्टेशन लागत नव्हतं, पण पेटीला स्टेशनची गरजच नव्हती. एक ठिपका अण्णांचा, एक माझा, वायरीच्या टोकाच्या घुंडीनं ज्यानं त्यानं आपला हलवायचा. मग तुम्ही लग्न होऊन आलात आणि त्याच जूनमध्ये मला खानापूरला वसतिगृहात टाकलं. दिवाळीला आलो तर माझी घुंडी तुमच्या हातात. भावजी, तुमी आता अभ्यास करा, असं तुम्ही म्हणालात. मी बारा वर्षांचा होतो, वैनी. गणपतीनंतर काय ते बघू.

लोभ वाढवा म्हणत नाही, आहे तेवढा मोडू नका.

परशुराम


गुंद
१८ ऑगस्ट २०२५

परशुराम यांस,

पत्र पोचलं. पुतळीलाबी वाचून दाखवलं, तुमची अक्कल गावाला कळू दे म्हणून.

वसतिगृहात तुमाला मामंजींनी घातलं. मी तवा नवी नवरी, माझं चुलीपुढंबी कुणी ऐकत नव्हतं. चाळीस वर्सं तुमी ह्यो राग जपलात, आणि आज तो माझ्या दारात ओतताय.

आता माझं ऐका. शेवटच्या पावसाळ्यात यांचा उजवा हात लुळा पडला. खाटेवरनं म्हणाले, पेटी लाव. जुना टीव्ही काढला, लावली. मी समोर बसले तर म्हणाले, तू नको, परशूला बोलीव. मी चिडले, तरी बसच्या कंडक्टरकडं निरोप धाडला. उलट निरोप आला, दुकानात गर्दी हाय, बघतो. आठवडाभर हे डाव्या हातात घुंडी धरून सडकेकडं बघत पडलेले. मी म्हणायची, एकट्यानं खेळा. पण त्या यंत्रात समोर गडी नसला तर चेंडू पडद्याबाहेर जातो, तो कोण परतवणार? मग एक दिवस म्हणाले, काढून ठेव ती.

म्हणून ती माळ्यावर हुती. मला बघवत नव्हती आणि देववतबी नव्हती. तुमाला पेटीवरची वाळवी दिसली. भाऊ दिसला न्हाई.

आता मांडा मधोमध. लोकं वा वा म्हणतील.

गिरजा


रामनगर
१ सप्टेंबर २०२५

ति. वैनींस,

नमस्कार. तुम्ही माझी शोभा केलीत, ती सगळ्या रामनगरनं पाहिली. आता निवांत झोप येत असेल.

मी काही बोलायच्या आत तुम्ही हॉलमध्ये घुसलात, खेळणाऱ्या दोघांना बाजूला सारलंत, वायरी उपसल्यात, पेटी पावसाच्या प्लास्टिकात गुंडाळलीत आणि जोयड्याच्या बसमध्ये जाऊन बसलात. प्राध्यापक माझ्याकडे बघत राहिले. मंडळाच्या पोरांनी मला विचारलं, अडवू का? मी नको म्हणालो. मागे कुणीतरी हसलं. पेटीपुढच्या पाटीवर मोठ्या अक्षरात अण्णांचं नाव लिहिलं होतं. माझं कुठंही नव्हतं. तुम्ही वाचलंत का तरी?

निरोपाचं लिहिलंत, त्याचं उत्तर देतो. कंडक्टर दुकानाच्या पायरीवरून ओरडला की वैनींनी बोलावलंय, अण्णा खेळायला या म्हणतायत, सवड असली तर. आजारी आहेत असं तो म्हणाला नाही. हात गेला असं म्हणाला नाही. मला वाटलं, इतक्या वर्षांनी तुम्हाला आठवण झाली म्हणून बोलावताय, तर बसा वाट बघत. हेच वाटलं, खोटं कशाला लिहू? पुढचा निरोप आला तो अण्णा गेल्याचा. तुम्ही एक शब्द जास्त घातला असता तर मी चालत आलो असतो.

घाईत एक घुंडी टेबलाखाली राहिली. पोस्टानं पाठवली तर वायर तुटेल. एका रविवारी आणून देतो. ओसरीवर ठेवीन आणि परत फिरेन. जेवणाचं काही करू नका.

परशुराम


गुंद
१५ सप्टेंबर २०२५

परशूभावजींस,

गिरजाचा नमस्कार. काल तुमी गेल्यावर पुतळी धावत आली. आपला आरडाओरडा तिच्या गोठ्यापतोर गेलेला. तिला वाटलं मारामारी झाली. मी म्हणाले, न्हाई, खेळत हुतो.

घुंडी जोडून पेटी लागते का बघून जा, एवढंच मी म्हणाले हुते. तुमी चप्पल न काढता उंबऱ्यावर उभं राहून बघणार हुतात. मग चित्र वर पळाय लागलं, ते थांबवायला तुमी आत आलात. पहिला चेंडू मी मारला. यंत्र गुण मोजत न्हाई म्हणून तुमी तुमचे मोजलेत, मी माझे, आणि दोघंबी जिंकलो. अण्णाबी असंच लबाड मोजायचे, असं तुमी म्हणालात. मी म्हणाले, मला शिकवलंच त्यांनी. तवा तुमी हसलात, आणि लगेच तोंड फिरवलंत.

मग मी विचारलं की, आजार कळला असता तर खरंच आला असतात का? तुमी घुंडी पिळलीत आणि म्हणालात, रागानं एखाद दिवस उशिरा आलो असतो, पण आलो असतो. ते मला पटलं. गोड बोलला असतात तर पटलं नसतं. निरोपात एक शब्द कमी पडला म्हणता, तर ऐका. आजारी हाय म्हणून सांगू नको, अशी त्यांनीच मला शपथ घातलेली. दया करून परशू नको, खेळायला म्हणून येऊ दे, असं म्हणाले. हे काल ओठावर आलं हुतं, पण तुमी बस चुकंल म्हणून उठलात.

माझा राग गेलेला न्हाई. तुमचाबी गेला नसंल. न विचारता घरात शिरलात ते मी विसरणार न्हाई, आणि हॉलमधलं तुमी विसरू नका. धारवाडच्या त्या सरांना बघायची असंल तर इथं घेऊन या, पेटी इथनं हलणार न्हाई.

आणि एक. खाटेच्या डाव्या अंगाला भिंतीला टेकून हे बसायचे. तिथं दोन वर्सं मी कुणाला बसू दिलं न्हाई, सोयऱ्यांनाबी उठवलं. काल खेळता खेळता तुमी तिथं जाऊन टेकलात. तुमच्या ध्यानातबी आलं नसंल. मी बघितलं, आणि उठवलं न्हाई.

याच्यापेक्षा जास्त लोभ माझ्याकडनं मागू नका.

गिरजा